झाकणाच्या आतली नावं

पळस फुलला की मला ग्रीसचा वास येतो.

यंदाही आला. परवा शहाद्याहून आमच्या गावी, प्रकाशाला परतताना पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. काठोकाठ भरलेली एकेक ट्रॉली डुलत चाललेली आणि मागं मी, स्कूटीवर, रस्त्यावर पडलेली उसाची टिपरं चुकवत. बांधावर पळस फुलून उभा. शेजारच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले, त्यापलीकडं केळीची हिरवी भिंत. अशात एकदम तो वास आला. काळा, जुना, लोखंडाला वर्षानुवर्षं धरून बसलेला. रस्त्यावर ग्रीस कुठंच सांडलेलं नव्हतं. फाल्गुन लागला होता, एवढंच.

काही वर्षांपूर्वीचा एक फाल्गुन माझ्या अंगात अजून तसाच आहे. त्या थोड्या दिवसांत मी जेवढी धावले, जेवढी हसले, तेवढी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही धावले-हसले नसेन. आणि करत काय होते, तर गावोगावचे हातपंप उघडून बघत होते.

मी गावच्या वाचनालयात काम करते. दोन खोल्या, एक ओसरी, अंगणात कडुनिंब आणि त्याच्या सावलीत हातपंप. सकाळी पेपर वाचायला निवृत्त मंडळी येतात, दुपारी भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, आणि चारच्या सुमाराला भाजीच्या पिशवीतून पुस्तक आणून बदलून नेणाऱ्या बायका. या बायका माझ्या आवडत्या. उभ्याउभ्या दोन पानं वाचतात आणि मगच पुस्तक घेतात, लुगड्याचा पोत बोटांनी बघून घ्यावा तसं.

दर आठ मार्चला आम्ही प्रदर्शन भरवायचो. म्हणजे कपाटावरची गुंडाळी उतरवायची, तिच्यातली थोर स्त्रियांची चित्रं झटकायची, दोरीला टाचायची, खाली माहितीची चिठ्ठी. मुली यायच्या, वहीत उतरवून घ्यायच्या, जायच्या. त्या थोर बायकांबद्दल मला आदरच आहे. त्या नसत्या तर मी या खुर्चीवर नसते. पण एका वर्षी आठवीतली एक मुलगी वही मिटताना म्हणाली, "मॅडम, यातली आपल्याकडची कोणती?"

"आपल्याकडची म्हणजे?"

"जिचं घर बघायला जाता येईल अशी."

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण ती गेल्यावर आमचं इतिहासाचं कपाट उघडलं. जिल्ह्याची माहिती देणारे जाड ग्रंथ, देवळांची माहात्म्यं, गावच्या समारंभांच्या स्मरणिका. त्यांत घाट बांधणारे होते, शाळा काढणारे होते, तापीच्या पुरात धावून गेलेले होते. बाई शोधायला गेले तर एका पाणपोईच्या फोटोखाली सापडली, 'यांच्या पत्नीच्या स्मरणार्थ'. पत्नीचं नाव नव्हतं. ते पान मी बराच वेळ उघडं ठेवून बसले होते. वर्ष उलटलं, पुन्हा माघ संपत आला, आणि माझ्याकडं दोरीला टाचायला ती जुनी गुंडाळीच होती.

त्या आठवड्यात भटू मिस्तरी आला.

भटू पन्नाशीचा माणूस. खिशात कायम पाना, आणि बोलणं अस्सल अहिराणी. घरोघरी नळ आले होते. बंद पडलेले हातपंप काढून लोखंड भंगारात द्यायचं असं ग्रामपंचायतीत ठरलं होतं, आसपासच्या गावांतही तेच चाललेलं, आणि ते काम भटूकडं होतं. आमच्या अंगणातला पंप दोन वर्षं मुका होता. भटूनं पंपाच्या डोक्यावरचा बोल्ट सोडला, पुढचं झाकण काढलं आणि सुटे नट ठेवायला ताटलीसारखं उलटं करून जमिनीवर ठेवलं. ठेवताना सवयीनं त्यावरून फडकं फिरवलं. मी त्याच्यासाठी चहा घेऊन उभी होते. ग्रीसच्या थराखालून एक लाल रेघ दिसली.

"थांबा भटूभाऊ. त्यावर काहीतरी लिहिलंय."

"ते व्हय. लिखेल ऱ्हास," भटू म्हणाला. "कितीक पंपसमा देखेल शे मी. कंपनीनं नाव शे ते."

"काय नाव आहे कंपनीचं?"

त्यानं डिझेलचा बोळा घासला. अक्षरं वर आली. लाल ऑइलपेंटची, एक मोठं एक लहान, ओळ चढावर निघाल्यासारखी उजवीकडं वर गेलेली. जेमा कोकिळा.

"दख," भटू म्हणाला, "जेमा-कोकिळा कंपनी."

मी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला आणि खाली बसले. "भटूभाऊ, ही कंपनी नाही. ही दोन बायकांची नावं आहेत."

भटू झाकणाकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. मग परत झाकणाकडं. इतकी वर्षं तो ती नावं बघत आला होता, आणि वाचली मात्र त्यानं त्या क्षणी.

"पंपमा बायासनं नाव कसाले राही?" तो हळू आवाजात म्हणाला.

लहानपणी तापीच्या वाळूत खेळताना बोटांना अचानक ओल लागायची, आणि मग दोन्ही हातांनी उकरत सुटायचो, तसं मला झालं. मी विचारलं, आतापर्यंत काढलेले पंप कुठं आहेत. तो म्हणाला, त्या-त्या गावात ढीग लावून ठेवलेत, टेम्पो सोमवारी येणार. तो दिवस गुरुवार होता.

मी वाचनालयाला कुलूप लावलं. भर दुपारी, कामाच्या दिवशी, दारावर पाटीसुद्धा न लावता.

पहिल्या ढिगात एकही नाव निघालं नाही. सहा झाकणं पुसली, सगळी कोरी. भटूचा चेहरा पडला, आणि तो पडलेला बघून मला बरं वाटलं, कारण आता हा शोध माझ्या एकटीचा नव्हता. दुसऱ्या गावात शाळेमागं ढीग होता. तिथं तिसरंच झाकण पुसताना भटू ओरडला नाही, फक्त म्हणाला, "निंघनं." या वेळी हिरवा रंग. शाळेच्या खिडक्यांना होता तोच हिरवा. उरलेला रंग कुणाकडून तरी मागून घेतला असणार. पुढच्या गावी निळा. एके ठिकाणी बैलांच्या शिंगांना लावतात तो चमकता गुलाबी. प्रत्येक गावात जो रंग हाताशी आला तो. माझी ओढणी काळी झाली, नखांत ग्रीस गेलं, आणि घरी भाजी फोडणीला टाकताना हातांना डिझेलचा वास येत होता. नवरा म्हणाला, "तू वाचनालयात काम करतेस का गॅरेजमध्ये?" मी त्याला एक झाकण दाखवलं. त्यानं चष्मा लावला, वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी रविवारची सुट्टी असूनही डब्यात पोळ्या भरून माझ्याबरोबर निघाला.

टेम्पो यायच्या आत आम्ही नावं असलेली सगळी झाकणं बाजूला काढली. भंगारवाल्याला भटूनं सांगितलं की झाकणं गंजून गेली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो असं तो मला नंतर सांगत होता, आणि तेही मला खोटंच वाटलं.

मग ती सगळी झाकणं मी वाचनालयाच्या फरशीवर मांडली. पुस्तकं लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीच्या आधीची, हे हाताला कळतं. एका झाकणावर नुसतं 'जेमा' होतं, आणि त्यातली 'जे'ची मात्रा चुकून 'मा'वर गेलेली. एकावर 'कोकिळा', वळणदार, शाळेत घोटलेलं. मग दोघी शेजारी शेजारी. मग 'जेमाबाई कोकिळाबाई'. मात्रा आता जागेवर, अक्षर धीट. आणि शेवटच्या तीन-चार झाकणांवर पूर्ण ओळ, 'जेमाबाई व कोकिळाबाई मिस्तरी'.

मिस्तरी. तो शब्द त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी तो स्वतः लिहिला होता, आणि लिहायच्या आधी किती पंप दुरुस्त केले असतील कोण जाणे. मी फरशीवर मांडी घालून बसले होते. बाहेर कडुनिंबाची पानं गळत होती, ओसरीवर मुलं भरतीच्या परीक्षेचे प्रश्न एकमेकांना विचारत होती, आणि माझ्यासमोर माझ्या तालुक्याचा इतिहास पडला होता, ज्याचं एकही पान माझ्या कपाटात नव्हतं. इतिहास म्हणजे कागद, असं मी वीस वर्षं धरून चालले होते. ज्यांना कागदावर जागा मिळाली नाही त्यांनी पत्रा घेतला.

जेमाबाईंचा पत्ता एका चालू पंपावर मिळाला. तो पंप ठणठणीत होता म्हणून भटूनं काढला नव्हता. तिथं भांडी घासणाऱ्या बाईला मी सहज विचारलं, जेमा नावाचं कुणी माहीत आहे का. ती म्हणाली, "जेमा मिस्तरीन ना? मी नवी नवरी व्हतू तवय त्या दोन्ही सायकलवर येयेत. एक सायकल चालाडे, एक मांगे बठे, मांडीवर पाना." मग तिनं राखेच्या हातानं उत्तरेला बोट केलं. सातपुड्याकडं.

डोंगराच्या पायथ्याशी, जिथं काळी जमीन संपून खडकाळ चढ सुरू होतो, तिथं त्यांचं घर. कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या, अंगणात खळं, खळ्यावर दादर ज्वारीची कणसं पसरलेली. मोहाच्या झाडाखाली बकऱ्या. जेमाबाई कणसं झोडपत होत्या. सत्तरीकडं आलेल्या, उंच, सडपातळ, केस पांढरे, हात मात्र अजून जाडजूड. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. भटूच्या खिशातला पाना पाहिला.

"कोठला पंप बिघडना?" त्यांनी विचारलं, आणि काठी बाजूला ठेवून उठायलाच लागल्या.

मी पिशवीतून झाकण काढून पुढं केलं. "मावशी, पंप नाही बिघडला. तुमचं नाव सापडलं."

त्यांनी झाकण दोन्ही हातांत घेतलं, जेवायला ताट घेतात तसं. लुगड्याच्या पदरानं पुसलं. अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हाई कोकिळानं अक्षर शे," त्या म्हणाल्या. "मन्हं इतलं चांगलं नही."

मग त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, काळा चहा दिला, आणि बोलल्या. अहिराणी, मधूनच त्यांची घरची भिली. तालुक्याला सरकारी साहेबांनी बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवायचं काढलं तेव्हा कोण जाणार हा प्रश्न होता. जेमाबाई मजुरीला खाली सपाटीवर येत. कोकिळाबाईंचा नवरा लवकर वारला होता. दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या. कोकिळाबाई चौथी शिकलेल्या, जेमाबाईंनी पाटी धरलेली नव्हती. सायकल जेमाबाईंना यायची, कोकिळाबाईंना नाही. "तिनी माले अक्षर शिकाडं, मी तिले सायकल. मी लिखाले शिकनू, ती काय सायकल शिकनी नही," असं म्हणून त्या मोठ्यानं हसल्या. अक्षरं कुठं शिकवली? पंपाच्या कट्ट्यावर. ओल्या बोटानं लिहायचं, उन्हानं वाळून जायचं, परत लिहायचं.

मी विचारलं, "नाव आत का लिहिलं, मावशी?"

"पयले भाईर लिखं. आठ दिनमा कोनी तरी खरडी टाके." त्या झाकण मांडीवर ठेवून बोलत होत्या. "तुम्हना प्रकाशामा एक जन पंपना पुढे उभा ऱ्हायना. म्हने, बाई पंपले हात लावी तं पानी आटी. त्यातमा मी भिलनी. म्हने, माणूस मिस्तरी आना."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बसनूत लिमडाखाले. कोकिळा म्हने, तहान त्यासले लागी, आपले काय." दुपार चढली. घरोघरच्या बायका हंडे घेऊन आल्या आणि पंपाभोवती उभ्या राहिल्या. त्यांच्या मधोमध बसून या दोघींनी पंप उघडला. आतले पाईप वर ओढायला सहा-सात जणी लागतात. हंडे खाली ठेवून त्याच बायांनी पाईप धरले. आधी नुसता घरघर आवाज, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. बायका हंडे भरून गेल्या. पुरुषमंडळी अजून पारावरच होती. तेव्हा झाकण लावण्याआधी कोकिळाबाईंनी ते उलटं केलं आणि आत, पहिल्यांदाच, जेमाबाईंकडून दोघींची नावं शेजारी शेजारी लिहून घेतली.

"आतमा कोन देखस?" जेमाबाई म्हणाल्या. "पन पानी तं आम्हना नावना जोडेथीन जाये."

त्यांच्या नावांशेजारून पाणी जात होतं. ज्यांनी नावं खरडून टाकली त्यांच्याही घरी तेच पाणी जात होतं.

कोकिळाबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर जेमाबाईंनी एकटीनं काही दिवस काम ओढलं, मग सोडलं. "सायकलना मांगे कोनी नही, तं वजन कमी व्हस, पन पाय जड व्हतस," त्या म्हणाल्या आणि भटूकडं वळून नव्या पंपांचं विचारू लागल्या. सगळे पंप काढून टाकताहेत हे ऐकल्यावर मात्र त्यांनी झाकण पदरानं पुन्हा पुसायला घेतलं. भटू मान खाली घालून बाजेची सुतळी ओढत बसला.

परत येताना मी भटूच्या मागून स्कूटी चालवत होते. दोन्ही बाजूंना पळस. माणसाला आनंदानं रडू येतं असं म्हणतात; मला गाणं येत होतं, आणि मला गाता येत नाही. हेल्मेटच्या आत मी काय वाट्टेल ते गुणगुणत आले.

आता प्रश्न होता नरोत्तमभाईंचा. ते वाचनालयाचे अध्यक्ष. तापीकाठी केळीच्या बागा, पांढरं धोतर, बोलणं मऊ. तरुणपणी ग्रामपंचायतीत सदस्य होते. मी त्यांना सांगितलं की या वर्षी थोर स्त्रियांची चित्रं मधल्या भिंतीवर नकोत, तिथं हातपंपाची झाकणं लावायची.

"बेन, लोकं हसतील," ते म्हणाले. "भंगार टांगलं म्हणतील."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सायकल, कोकिळाबाई, कडुनिंबाखाली बसलेल्या दोघी, पंपापुढं उभा राहिलेला तो माणूस. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडं बघत नाहीत. खिडकीतून अंगणातल्या रिकाम्या कट्ट्याकडं बघत होते, जिथून भटूनं पंप काढून नेला होता.

तिकडंच बघत ते म्हणाले, "तो मी नव्हतो."

मी हातातलं झाकण त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"पण मी तिथं होतो. पारावर." त्यांनी धोतराचा सोगा नीट केला. "मधली भिंत पुरेल का? बाजूच्या दोन्ही भिंतीही घ्या."

आठ मार्चला वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. जेमाबाईंना भटू सकाळीच मोटारसायकलवर घेऊन आला होता. झाकणं आतली बाजू पुढं करून एका ओळीत टांगली होती, पहिल्या चुकलेल्या मात्रेपासून शेवटच्या 'मिस्तरी'पर्यंत, आणि प्रत्येकाखाली त्या गावाचं नाव. पुस्तक बदलायला येणाऱ्या माझ्या बायका आल्या आणि त्यांच्या सासवा, जावा, शेजारणी घेऊन आल्या. त्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी त्या दुपारी पाईप धरले होते. कोणता पाईप कुणी धरला यावरून त्यांचं छोटंसं भांडणही झालं. चित्रांच्या गुंडाळीला उघडायची पाळी आली नाही. आदल्या वर्षी प्रश्न विचारणारी ती मुलगी आता नववीत होती. ती सरळ जेमाबाईंपुढं जाऊन उभी राहिली. "तुमचं घर बघायला येऊ का?"

"ये," जेमाबाई म्हणाल्या. "सायकल येस का तुले?"

"येते."

"मंग जेवालेच ये."

शाल आणि नारळ झाला. नरोत्तमभाईंनी स्वतः दिला, आणि देताना दोन्ही हात जोडून जरा जास्त वेळ वाकून राहिले. जेमाबाईंना ते कोण हे माहीत नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नाही. मला वाटलं होतं सांगतील. अजून वाटतं, सांगायला हवं होतं. मग माइक जेमाबाईंच्या हातात गेला. त्यांनी तो पान्यासारखा धरला. "माले बोलता येत नही," त्या म्हणाल्या. "पंप बिघडना तं सांगज्यात." टाळ्या थांबेनात.

त्यानंतर त्या एकट्याच भिंतीच्या कडेनं चालू लागल्या. एकेका झाकणापुढं थांबायच्या, हात लावायच्या, त्या गावची आठवण काढायच्या. इथं साप निघाला होता. इथं बाईनं शेवया खायला घातल्या. इथं कोकिळाला ताप होता. मी शेजारी चालत होते. कळसाडीच्या झाकणापाशी त्या थबकल्या. वाकल्या. डोळे बारीक केले.

"हाई कोन?"

लाल अक्षरांतल्या 'जेमाबाई व कोकिळाबाई मिस्तरी'खाली, अगदी काठाला, बारीक पांढऱ्या अक्षरात आणखी एक नाव होतं. यशोदा.

ते मी पाहिलेलं होतं. झाकण पुसताना, मांडताना, टांगताना. कुणीतरी पोरासोरांनी लिहिलं असेल असं समजून सोडून दिलं होतं. भटूनं जशी कंपनी वाचली होती, तशीच मीही.

"माहीत नाही, मावशी," मी म्हटलं. "मी विचारलं नाही."

"मंग चाल," जेमाबाई म्हणाल्या. "इचारूत."

"आत्ता? जेवणं आहेत अजून."

त्यांनी शाल खांद्यावरून काढून घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवली आणि दाराकडं चालू लागल्या. भटूनं मोटारसायकल काढली.

कळसाडीत यशोदाबाई शोधायला फार विचारावं लागलं नाही. पंचेचाळिशीची बाई, घरामागं पऱ्हाट्यांची मोळी बांधत होती. आम्हा तिघांना दारात बघून ती घाबरली. भटूनं झाकणाचं सांगितलं तेव्हा आणखी घाबरली, सरकारी पंपाला हात लावल्याबद्दल कुणी चौकशीला आलंय की काय म्हणून.

हळूहळू सांगितलं तिनं. लग्न होऊन आली तेव्हा दारासमोरचा पंप या दोघी दुरुस्त करायला यायच्या. ती घुंगटातून बघत राहायची. पाना कसा धरतात, साखळी कशी काढतात, सगळं. मग एका उन्हाळ्यात पंप बंद पडला, निरोप पाठवला, पण कुणी आलं नाही. कोकिळाबाई तेव्हा गेल्या होत्या. महिनाभर वाट बघून तिनं नवऱ्याच्या ट्रॅक्टरचे पाने घेतले, जावांना पाईप धरायला लावलं आणि पंप उघडला. झाकण आतून बघितलं तेव्हा नावं दिसली. म्हणून आपलंही लिहिलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

जेमाबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी तिला शाबासकी दिली नाही, जवळ घेतलं नाही. पऱ्हाट्यांची मोळी बाजूला सारून तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"नाव इतलं धाकलं कसाले लिखं?"

"जागा कोठे व्हती?" यशोदाबाई पहिल्यांदा जरा धीट झाली. "तुम्ही दोन्हीसनी बठ्ठी जागा लई टाकी."

जेमाबाई हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. पंपाच्या तळाशी पाणी वर ओढणारा एक चामड्याचा वॉशर असतो, वाटीसारखा. तो झिजला की पंप मुका होतो. नवा वॉशर तालुक्याशिवाय मिळत नाही.

"वॉशर कोठून आना?"

"आना नही. सासरासना जुना जोडा व्हता, त्यानं चामडं कापं."

"कोरडंच बसाडं?"

"नही. कोरडं आखडी जाई म्हनीसन तेलमा भिजाडं. गोडा तेलमा. दोन दिन."

जेमाबाईंनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला, आणि मान वळवून भटूकडं पाहिलं.

"आइकं का?" त्या म्हणाल्या. "हाईच गोष्ट शिकाडाले सायेबनी आम्हले पंधरा दिन लावात."